पाणी घरात शिरल्यावर फोन लागला पाहिजे : नागपूरच्या आपत्ती यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर व जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी व लोकप्रतिनिधी,
तसेच शहरात दूरध्वनी आणि मोबाइल सेवा देणाऱ्या सर्व कंपन्यांचे स्थानिक प्रमुख यांस

विषय : आपत्तीच्या वेळी व त्यानंतर नागरिकांचा फोनसंपर्क टिकवण्याची योजना तयार करून ती जाहीर करण्याबाबत.

महोदय, महोदया,

पावसाळा तोंडावर आला की आपल्या शहरात आढावा बैठका होतात आणि त्यांची वृत्ते आम्ही नागरिक बारकाईने वाचतो. नागनदी, पिवळी नदी आणि पोरा नदीतला गाळ कुठवर निघाला, पंप तयार आहेत की नाहीत, बोटी आणि लाइफ जॅकेट कोठे ठेवली आहेत, कोणत्या शाळा निवाऱ्यासाठी राखून ठेवल्या आहेत, हे सारे त्यांत असते आणि ते असायलाच हवे. मात्र पाणी घरात शिरल्यावर माणूस सर्वांत आधी ज्या वस्तूकडे हात नेतो, तो फोन चालू राहावा म्हणून कोणी काय केले आहे, याविषयीची ओळ मला या वृत्तांत अजून सापडलेली नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेच्या पुराचा अनुभव घेतलेल्या शहरात ही ओळ दरवर्षी गळते, हे मुकाट्याने मान्य करणे मला शक्य नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघड लिहिण्याचे कारण असे की यातल्या काही गोष्टी आपण करायच्या आहेत आणि काही आम्ही नागरिकांनी, आणि दोघांनाही एकमेकांकडून काय अपेक्षित आहे ते कळलेले बरे.

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. नोकरीची बरीचशी वर्षे टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये आणि रस्त्याकडेच्या केबलच्या खड्ड्यांत गेली. त्यामुळे ‘आपत्तीच एवढी मोठी होती, नेटवर्क जाणारच’ हे उत्तर माझ्या गळी उतरत नाही. नेटवर्क नुसत्या पावसाने जात नाही. वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी उतरली म्हणून ते जाते, केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले म्हणून जाते, यंत्रे आणि जनरेटर तळमजल्याच्या पातळीवर ठेवले होते म्हणून जाते, किंवा हजारो माणसांनी एकाच वेळी एकाच टॉवरवर कॉल लावले म्हणून अडते. यातल्या प्रत्येक कारणावर आधी करून ठेवण्यासारखे काही ना काही असते, आणि ते कोणी करायचे हे ठरवता येते.

माझे या विषयाशी दुसरेही नाते आहे. माझी थोरली बहीण नागनदीच्या काठच्या एका लेआउटमध्ये तळमजल्यावर एकटी राहते. २२ सप्टेंबरचा तो शुक्रवार महालक्ष्म्यांच्या पूजनाचा होता. ताईकडे महालक्ष्म्या बसतात. संध्याकाळी महाप्रसाद घेऊन आम्ही मानेवाड्याला घरी परतलो होतो. मध्यरात्रीनंतर काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीने पात्र सोडले आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीपर्यंत पाणी घुसले. मोरभवनच्या स्थानकात एसटीच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि शहराने माणसेही गमावली. आम्हाला जाग आली ती बंगळुरूला असलेल्या भाच्याच्या फोनने. ‘मामा, आई फोन उचलत नाही,’ एवढेच तो पुन:पुन्हा सांगत होता. त्याला हजारभर किलोमीटरांवरून मी सापडत होतो, आणि मला माझ्याच शहरात ताई सापडत नव्हती. तिच्या मोबाइलवर कधी ‘संपर्कक्षेत्राबाहेर’, कधी नुसता व्यस्ततेचा आवाज. घरातला फोन मुका. मदतीसाठी जाहीर झालेला क्रमांक सतत व्यस्त. रस्ते बंद असल्याने तिकडे जाताही येईना. दुपार झाल्यावर एका अनोळखी क्रमांकावरून रोमन लिपीतला एक छोटा संदेश आला, की ताई आमच्या घरी वरच्या मजल्यावर आहे, काळजी करू नका. वरच्या घरातल्या मुलीने तो बराच आधी पाठवला होता आणि तो वाटेत कोठे तरी थांबून आमच्यापर्यंत पोचला होता. ताई सुखरूप होती. ज्यांच्या घरी असा संदेश आला नाही त्यांनी तो दिवस कसा काढला असेल याचा विचार आपण करावा, एवढ्याचसाठी हे सांगितले.

आता तक्रारींकडे वळतो.

सर्वांत आधी इशाऱ्याचा प्रश्न येतो. २०२३ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये देशभरातल्या असंख्य लोकांचे मोबाइल एकाएकी मोठ्याने वाजले होते आणि पडद्यावर चाचणीचा संदेश उमटला होता, हे वाचकांना आठवत असेल. या तंत्राला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. यात टॉवर प्रत्येक फोनला वेगळा निरोप पाठवत नाही. आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना तो एकदाच ऐकवतो, त्यामुळे लाइन कितीही गजबजलेल्या असल्या तरी निरोप अडकत नाही, आणि ठरावीक टॉवर निवडून तो ठरावीक वस्तीपुरताही पाठवता येतो. नदीकाठच्या झोपलेल्या वस्तीला उठवण्यासाठी याहून सोयीचे साधन आज दुसरे नाही. चाचणीत माझा फोन वाजला होता. पुढच्याच महिन्यातल्या त्या पहाटे तो वाजला नाही, ताईचाही नाही आणि तिच्या शेजाऱ्यांचाही नाही. अधूनमधून येणारे ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पावसाची शक्यता’ असे मजकूर आम्हाला मिळतात. संपूर्ण जिल्ह्यासाठीचा हा इशारा काटोललाही लागू, उमरेडलाही आणि धरमपेठेलाही, त्यामुळे हळूहळू तो कोणी वाचेनासे झाले आहे. आम्हाला हवा आहे तो ‘अंबाझरीच्या सांडव्यावरून पाणी वाढत आहे, नदीकाठच्या अमुक वस्त्यांनी तळमजले सोडावेत’ असा मराठी आणि हिंदीतला, जागेचे नाव घेणारा इशारा. तो पाठवण्याचा निर्णय रात्री दोन वाजता कोणी घ्यायचा, तो अधिकारी उपलब्ध नसेल तर त्याच्या जागी कोणी घ्यायचा, आणि तलावावरच्या माणसापासून त्या अधिकाऱ्यापर्यंत खबर कशी पोचायची, हे आजच कागदावर असले पाहिजे. अडचण यंत्राची कमी आणि या साखळीचीच अधिक आहे, असे माझे मत आहे.

येथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. ती रात्र गणेशोत्सवातली होती. गल्लोगल्ली मंडप होते, मंडपांत ध्वनिक्षेपक होते आणि मंडपांत झोपलेली तरुण मुले होती. आपल्या बंदोबस्ताच्या यादीत प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षाचा फोन क्रमांक असतोच. ज्या आजीआजोबांकडे साधा फोन आहे, किंवा ज्यांचा फोन रात्री बंद असतो, त्यांना उठवायला हे ध्वनिक्षेपक पुरले असते. मंडळे, विहार, मशिदी आणि मंदिरे यांचा इशारायंत्रणेत रीतसर समावेश करायला फारसा खर्च येणार नाही.

दुसरी तक्रार टॉवरच्या विजेची आहे आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पाणी भरलेल्या भागातली वीज बंद करणे योग्यच आहे. ती चालू ठेवली तर माणसे शॉक लागून मरतील. परंतु वीज बंद होणार हे ठाऊक असूनही त्या भागातले टॉवर किती वेळ तग धरतील याचा हिशेब शहराकडे नसतो. टॉवरला बॅटरीचा आधार असतो, तो काही तासांचा. बॅटऱ्या जुन्या झाल्या की कागदावरचे तास प्रत्यक्षात निम्मेही भरत नाहीत. बॅटरी रूममध्ये आयुष्य घालवलेल्या कोणालाही हे विचारा. त्यानंतर डिझेल जनरेटर असेल तर तो चालवायचा, पण शहरातल्या गच्च्यांवरच्या कित्येक टॉवरना जनरेटर नसतो आणि जेथे असतो तेथे तो इमारतीच्या आवारात जमिनीवर असतो, म्हणजे नेमका पाण्यात जाणार अशा जागी. डिझेल घेऊन जाणारी गाडी बंदोबस्तात अडवली गेली तर उरलेली आशाही संपते. त्यात भर म्हणजे टॉवर जिवंत असला तरी त्याला मुख्य जाळ्याशी जोडणारी फायबर केबल नाल्यावरच्या पुलाला बांधलेली असते, आणि पुराच्या लोंढ्यात ती तुटली की फोनच्या पडद्यावर दांड्या पूर्ण दिसतात पण कॉल मात्र लागत नाही.

यावरचे उपाय दूरसंचार क्षेत्रातल्या लोकांना मुळीच नवे नाहीत. किनारपट्टीवर वादळाआधी बॅटऱ्या तपासल्या जातात, डिझेल भरून ठेवले जाते, चाकांवरचे फिरते टॉवर जवळ आणून उभे केले जातात. दूरसंचार विभागाची आपत्तीकाळासाठीची कार्यपद्धती आहे आणि २०२० मध्ये ती नव्याने जारीही झाली आहे. प्रश्न एवढाच आहे की त्या कार्यपद्धतीतले नागपूरचे पान कोठे आहे. नागनदीच्या दोन्ही काठांच्या पूररेषेत कोणते टॉवर येतात, त्यांपैकी कोणत्यांची यंत्रे उंचावर आहेत, कोणत्या केबलला दुसरा पर्यायी मार्ग आहे, आणि वीज पूर्ववत करताना रुग्णालयांच्या जोडीने कोणत्या टॉवरना अग्रक्रम द्यायचा, ही यादी तयार असेल तर आम्हाला दाखवावी, आणि नसेल तर ती करावी.

तिसरी गोष्ट एका कंपनीचे जाळे बंद पडल्यावर तिच्या ग्राहकांनी काय करायचे याची आहे. अशा वेळी सरकारच्या सांगण्यावरून कंपन्या एकमेकांच्या ग्राहकांना आपल्या टॉवरवर घेऊ शकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘दाना’ चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर येणार होते तेव्हा ही सोय सुरू करण्यात आली होती, आणि त्याबद्दल संबंधितांचे कौतुकच केले पाहिजे. पण चक्रीवादळ आठवडाभर आधी वर्दी देऊन येते. आमचा पूर मध्यरात्री आला आणि दुपारपर्यंत ओसरू लागला. एवढ्या वेळात प्रस्ताव खालून वर जाणार, वरून आदेश खाली येणार, आणि तोवर लोक चिखल उपसायला लागलेले असणार. शहरी पुरासाठी ही परवानगी आधीच देऊन ठेवलेली असली पाहिजे, म्हणजे पाण्याने ठरावीक खूण ओलांडल्याचे नियंत्रण कक्षाने कळवताच कंपन्यांनी पुढच्या आदेशाची वाट न पाहता ती सोय सुरू करावी. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमातल्या कलम २० ने सार्वजनिक आणीबाणीत बचावकार्य करणाऱ्यांचे निरोप अग्रक्रमाने पोचवण्याची व्यवस्था करण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. हा अधिकार शहराच्या पातळीवर कोणत्या स्वरूपात उतरणार आहे, तेही आम्हाला समजावे.

मदतीच्या क्रमांकांचा गोंधळ ही चौथी बाब आहे. पोलिसांचा वेगळा, अग्निशमनाचा वेगळा, जिल्ह्याचा १०७७, महापालिकेचे नियंत्रण कक्षाचे क्रमांक निराळे, झोनचे त्याहून निराळे, आणि पाणी कमरेला लागलेल्या माणसाने यांतून निवड करायची. राज्याच्या ११२ या सेवेचे मुख्य केंद्र नवी मुंबईत असून दुसरे केंद्र आपल्या नागपुरातच आहे. मग पूरकाळात ‘फक्त ११२’ एवढेच का सांगितले जात नाही? या क्रमांकाचा एक मोठा गुण लोकांना ठाऊकच नाही. आपल्या कंपनीचे जाळे बंद असले तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा टॉवर टप्प्यात असेल, तर ११२ त्याच्यावरून लागू शकतो. ताईच्या शेजारच्या किती जणांनी पडद्यावर ‘सेवा नाही’ असे पाहून फोन खाली ठेवला असेल, हे मला सांगता येणार नाही, पण त्यांना कोणी हे शिकवले नव्हते एवढे नक्की. शिवाय त्या पहाटे बचाव पथकांनी मूकबधिर विद्यालयातल्या सुमारे ४० विद्यार्थ्यांना पाण्यातून बाहेर काढले होते. जे बोलू आणि ऐकू शकत नाहीत त्यांनी मदत मागायची ती कोणत्या क्रमांकावर? लेखी संदेश घेणारा, आणि पोच देणारा मार्ग प्रत्येक मदत सेवेला असलाच पाहिजे.

घरातल्या जुन्या फोनविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो काळ परत आणा असे माझे म्हणणे नाही. तांब्याच्या तारेवरचा फोन घरच्या विजेवर चालत नसे; त्याला एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्टचा पुरवठा होत असे, त्यामुळे गल्लीत अंधार असला तरी रिसीव्हर उचलल्यावर टोन येई. पावसाळ्यात जॉइंट भिजून लाइन ‘डेड’ होण्याचे प्रकारही पुष्कळ असत, ते मी नाकारत नाही. आज बहुतेक घरांत फायबर आली आहे आणि तिचा डबा भिंतीतल्या विजेवर चालतो. वीज गेली की इंटरनेट आणि घरचा फोन दोन्ही एकाच क्षणी जातात. कोपऱ्याकोपऱ्यावरचे पिवळे एसटीडी बूथही गेले. जोडणी देताना छोट्या बॅटरीची गरज ग्राहकाला समजावून सांगणे आणि ज्येष्ठ नागरिकांना ती माफक दरात देणे, एवढे कंपन्यांना नक्की करता येईल. निवारा म्हणून ठरवलेल्या प्रत्येक शाळेत निदान एक फोन असा असावा की जो शेजारच्या टॉवरवर किंवा शाळेच्या विजेवर अवलंबून नाही.

यापुढची तक्रार बाहेरगावच्या नातेवाइकांच्या वतीने करतो. पुराच्या दिवशी सर्वांत जास्त कॉल कोण करतो? पाण्यात अडकलेला माणूस एकदाच करतो. पुणे, बंगळुरू आणि अमेरिकेतली मुले, अकोल्याची बहीण, चंद्रपूरचे व्याही पुन:पुन्हा करत राहतात. त्यांची काळजी खरी असते, पण त्याच कॉलनी टॉवर भरून जातो आणि बोटीची वाट पाहणाऱ्याचा कॉल बाहेरच पडत नाही. जपानने कोबेच्या १९९५ च्या भूकंपातून यावर एक मार्ग काढला. १९९८ पासून तेथे १७१ हा क्रमांक आहे. आपत्ती आली की तो सुरू होतो. अडकलेला माणूस त्यावर फोन करून आपल्या क्रमांकाच्या नावे अर्ध्या मिनिटाचा निरोप ठेवतो, आणि नातेवाईक तोच क्रमांक देऊन निरोप ऐकतात. बाधित भागातल्या माणसाला उलट फोन करण्याची गरजच उरत नाही. लोकांना सवय राहावी म्हणून दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला हा क्रमांक सरावासाठी खुला ठेवतात. असे काही आपल्याकडे उभारणे अशक्य आहे असे मला वाटत नाही. ज्या शहरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही आहे, त्या शहराने ‘मी सुखरूप आहे’ असा निरोप ठेवण्याचा एक क्रमांक देशात सर्वांत आधी सुरू करावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. निवाऱ्यात आणलेल्या माणसांची नोंदही त्याच क्रमांकावर उपलब्ध असावी, मात्र नावांच्या याद्या भिंतीवर किंवा समाजमाध्यमांवर लावू नयेत. विचारणाऱ्याने क्रमांक सांगावा आणि त्याला उत्तर मिळावे.

पूर ओसरल्यावरच्या दिवसांकडे तर कोणाचेच लक्ष नसते, म्हणून ते जरा विस्ताराने मांडतो. ताईचा मोबाइल उशाशी जमिनीवर चार्जिंगला होता, तो पाण्यात गेला. त्याच्यातले सिम नवीन घ्यायचे तर ओळखपत्र हवे, आणि ओळखपत्रे कपाटाच्या खालच्या खणात भिजून लगदा झालेली. सिम मिळाले तरी फसवणूक टाळण्यासाठीच्या नियमानुसार नव्या सिमवर पहिले २४ तास संदेशसेवा बंद राहते, म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. नियम चांगल्या हेतूचा आहे, परंतु ज्या घरातले धान्य, गादी, औषधे सगळे वाहून गेले आहे त्या घराला हाताशी पैसे नसण्याचा तो आणखी एक दिवस असतो. दरम्यान पंचनाम्यासाठी येणारे कर्मचारी जुन्याच क्रमांकावर फोन करतात आणि ‘संपर्क झाला नाही’ असा शेरा मारतात. वीज आलेली नसल्याने शेजाऱ्याचा फोनही चार्ज होत नाही. बाधित वस्तीत चार्जिंगची सोय, सिम बदलून देणारी फिरती गाडी, ओळख पटवण्यासाठी अंगठ्याच्या ठशाची पद्धत, आणि फोन लागला नाही म्हणून पंचनामा राहू नये असा स्पष्ट आदेश, एवढ्याने हे प्रश्न बरेच सुटतील.

आता जबाबदारीच्या हिशेबाविषयी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे सेवेच्या दर्जाविषयीचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांनुसार जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकांना भरपाई द्यावी लागते, मात्र नैसर्गिक आपत्तीला त्यातून सूट आहे. सूट समजण्यासारखी आहे. माझा आक्षेप मोजमापाला आहे. जिल्हा हे एकक धरले की डागा लेआउट दिवसभर मुके राहिले तरी नोंदीत नागपूर सुरळीतच दिसते. भरपाई नको असेल तर नको, पण कोणत्या प्रभागातला कोणता टॉवर कधी बंद पडला, कशामुळे पडला आणि कधी सुरू झाला, हा तपशील प्रत्येक आपत्तीनंतर लोकांसमोर ठेवला पाहिजे. अपयशाची नोंदच होत नसेल तर पुढच्या वेळी दुरुस्त काय करणार?

‘हे सगळे नव्या काळाचे लाड आहेत, पूर्वी कोठे फोन होते?’ असे म्हणणारे भेटतात. पूर्वी काय होत असे ते आपल्याच जिल्ह्याला विचारावे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीचे पाणी नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये शिरले आणि २०४ माणसे गेली. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, तेव्हा निरोपांची देवाणघेवाण हौशी रेडिओचालकांनी आपापले बिनतारी संच नेऊन केली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, त्या वेळी रस्ते आणि फोन दोन्ही तुटले होते आणि मदत पोचायला वेळ लागला. हौशी रेडिओचालक नागपुरातही आहेत. त्यांची नोंद करून दरवर्षीच्या सरावात त्यांना सामील करून घेणे आपल्या हातात आहे.

नागरिकांकडूनही काही गोष्टी व्हायला हव्यात, आणि त्या शिकवण्याचे काम आपणच करू शकता. आपत्तीत आधी लेखी एसएमएस पाठवावा, कारण त्याला जागा थोडी लागते आणि समोरचा फोन बंद असला तरी तो काही काळ थांबून, फोन सुरू होताच पोचतो. कॉल तसा थांबत नाही. प्रत्येक कुटुंबाने बाहेरगावचा एक नातेवाईक ठरवून ठेवावा, सगळ्यांनी आपली खुशाली त्यालाच कळवावी आणि इतरांनी त्यालाच विचारावी. महत्त्वाचे चार क्रमांक कागदावर लिहून देवघराच्या वर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच चिकटवावेत, कारण आज आपल्या मुलाचाही क्रमांक कोणाला पाठ नसतो. पावसाच्या रात्री फोन उंचावर ठेवावा. पाणी शिरतानाची चित्रफीत सगळ्या गटांत पाठवण्याचा मोह आवरावा, निदान पाणी ओसरेपर्यंत. या सूचना मालमत्ता कराच्या देयकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहज मावतील.

या सगळ्यातून माझ्या मागण्या अशा आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायद्यातल्या २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरण नेमण्याची वाट मोकळी केली आहे. नागपूरच्या योजनेत फोनसंपर्क हे स्वतंत्र प्रकरण असावे आणि त्यासाठी एक जबाबदार अधिकारी नावानिशी नेमावा. पूररेषेतल्या टॉवरची, त्यांच्या बॅटऱ्यांची आणि पर्यायी केबलची तपासणी पावसाळ्यापूर्वी करून तिचा निष्कर्ष प्रसिद्ध करावा. कंपन्यांनी परस्परांच्या ग्राहकांना सामावून घेण्याची परवानगी शहरी पुरासाठी आधीच मिळवून ठेवावी. वस्तीनिहाय मराठी इशारा पाठवण्याची साखळी लेखी ठरवावी. मदतीसाठी एकच क्रमांक जाहीर करावा आणि त्याला लेखी संदेशाची जोड द्यावी. खुशालीचा निरोप ठेवण्याची सेवा निदान प्रायोगिक स्वरूपात सुरू करावी. पूर ओसरल्यावर चार्जिंग, सिम आणि ओळख पटवण्याची सोय चोवीस तासांच्या आत वस्तीत पोचवावी.

आणि या सगळ्याची रंगीत तालीम घ्यावी. ती दुपारी सभागृहात, अल्पोपाहारासह नको. नदीकाठच्या एखाद्या लेआउटमध्ये रहिवाशांना आधी सांगून, रात्री दोन वाजता, वीज बंद करून ती घ्यावी, आणि तेथल्या गच्चीवरचा टॉवर किती वेळ टिकतो, ११२ लागतो का, इशारा किती घरांत ऐकू येतो, हे आपण स्वतः हजर राहून पाहावे. ताईच्या लेआउटमध्ये अशी तालीम ठेवायची असेल तर तेथल्या रहिवाशांची संमती मिळवून देण्याचे आणि पडेल ते काम करण्याचे मी कबूल करतो. माझ्यासारखे निवृत्त सहकारीही त्यासाठी तयार आहेत.

वरील मुद्द्यांपैकी कोणते झाले आहेत, कोणते होणार आहेत आणि कोणते होणार नाहीत, याचे उत्तर येत्या पावसाळ्यापूर्वी लेखी आणि जाहीरपणे द्यावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी
मानेवाडा, नागपूर